गिअर ‘पी’वर अडकला? गिअरबॉक्स उघडण्याआधी मागचे लाल दिवे बघा

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षं जुनी सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गाडी आहे, चावीनं सुरू होणारी. मनीषनगरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये माझी पार्किंगची जागा तळघराच्या उताराला लागून आहे, त्यामुळे गाडी नेहमी थोडी कलती उभी असते. परवा सकाळी गाडी सुरू झाली, एसी लागला, पण गिअरचा दांडा ‘पी’वरून, म्हणजे पार्किंगवरून, हलेचना. महिनाभरापासून अधूनमधून असं होत होतं, पण ब्रेक दोन-तीनदा दाबला की सुटायचा. ओळखीच्या मेकॅनिकनं बघितलं आणि ‘गिअरबॉक्स जाम झाला, उतरवावा लागेल, साठ-सत्तर हजार धरून चला’ असं सांगितलं. शेजारी म्हणतात, टोचन करून गॅरेजला नेऊ. काय करू?
एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका आणि टोचनही लावू नका. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य मधेच येऊन गेलंय : ब्रेक दोन-तीनदा दाबला की सुटायचा. गिअरबॉक्सच्या आत काही मोडलं असतं, तर ब्रेक पुन्हा दाबल्यानं ते सुटलं नसतं. ब्रेकशी ज्याचा थेट संबंध आहे असं काहीतरी महिनाभर हळूहळू निकामी होत होतं आणि परवा पुरतं बंद पडलं. बहुतेक वेळा ते असतं ब्रेक लाइटचं स्विच. पेडलच्या वर बसवलेला हा अंगठ्याएवढा भाग काहीशे रुपयांत मिळतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो.

आता हे स्विच आणि ‘पी’ यांचं नातं सांगतो, म्हणजे तपासणी का करायची ते लक्षात येईल. ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्याखाली एक छोटं सोलेनॉइड असतं, म्हणजे वीज मिळाली की पिन ओढून घेणारी तारेची गुंडाळी. एरवी ही पिन दांड्याला ‘पी’मध्ये अडवून धरते. चावी ‘ऑन’वर असताना तुम्ही ब्रेक दाबला की वरचं स्विच दोन कामं एकदम करतं : मागचे लाल दिवे लावतं आणि ‘ब्रेक दाबलाय’ हा निरोप या कुलपाला देतं. पिन ‘टक’ करून मागे सरते आणि दांडा मोकळा होतो. ब्रेकवर पाय नसताना गाडी चुकून ‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’मध्ये (मागे) जाऊ नये, गाडीत खेळणाऱ्या लेकरानं दांडा ओढला तरी ती घरंगळू नये, यासाठी ही सोय आहे. अमेरिकेत तर ऑटोमॅटिक गाड्यांना असं कुलूप १ सप्टेंबर २०१० पासून कायद्यानं सक्तीचं आहे. म्हणजे तुमची गाडी अडून बसली आहे ती निरोप पोचत नाही म्हणून.

काहीही तपासण्याआधी गाडी पक्की थांबवा. तुमच्याकडे उतार आहे, त्यामुळे हे टाळू नका. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि उताराच्या बाजूनं दोन चाकांना विटा किंवा मोठे दगड घट्ट लावा. कुलूप सुटल्यावर गाडी फक्त ब्रेकवर उभी राहणार आहे, हे सारखं ध्यानात असू द्या.

मग चावी ‘ऑन’वर न्या, इंजिन सुरू करू नका. ब्रेक दाबा आणि कोणाला तरी मागे उभं करून विचारा : दिवे लागले का? तीनही बघायला सांगा, डावा, उजवा आणि मागच्या काचेतला वरचा. सोबत कोणी नसेल तर तळघरातला अंधार तुमच्या कामाचा आहे. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो की नाही ते आरशात दिसतं. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं. त्यात बिघाड काही नाही, ब्रेकच्या बूस्टरमधली पोकळी संपलेली असते. अशा वेळी पाय जोर लावून दाबा.

एकही दिवा लागला नाही, तर निदान जवळजवळ झालंच. तीन दिवे एकाच दिवशी उडत नाहीत. गडबड त्यांच्या सामाईक वाटेवर आहे, म्हणजे फ्यूज किंवा स्विच. आधी फ्यूज बघा, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. डॅशबोर्डखाली चालकाच्या गुडघ्याजवळ एक पेटी असते, दुसरी बॉनेटखाली. झाकणाच्या आत नकाशा असतो, त्यात ‘स्टॉप’ लिहिलेला फ्यूज शोधा. बहुतेक गाड्यांत तो १० अँपिअरचा, लाल रंगाचा असतो, काहींत १५ चा निळा. पेटीतच दिलेल्या चिमट्यानं ओढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली असेल तर दिसते. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवलं, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर जळते.

नवा फ्यूज ब्रेक दाबताक्षणी पुन्हा उडाला, तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे. तेव्हा डिक्कीच्या बिजागरीपाशी घासलेली वायर, बल्बचा वितळलेला होल्डर आणि उंदरांनी कुरतडलेली जागा, या क्रमानं शोधायला सांगा. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की उंदीर तळघरातल्या गाड्यांत घर करतात, त्यामुळे तिसरी शक्यताही गांभीर्यानं घ्या.

फ्यूज शाबूत असेल तर स्विच. चालकाची सीट पूर्ण मागे सरकवा, मोबाइलचा टॉर्च घेऊन पेडलच्या दांडीमागून वर बघा. दांडीच्या वरच्या टोकाशी एक प्लास्टिकचा तुकडा दिसेल, त्याला दोन किंवा चार वायरींचा प्लग आणि समोर पेन्सिलीच्या टोकासारखी एक बारीक दांडी. पाय सोडलेला असताना पेडल ही दांडी आत दाबून ठेवतं. ब्रेक दाबला की पेडल दूर सरतं, दांडी बाहेर येते आणि आत वीज जोडली जाते. हातानं पेडल हलवून बघा, स्विच धड असेल तर बारीक ‘टिक’ ऐकू येते.

पण ‘टिक’ आली म्हणजे स्विच चांगलं, असं धरू नका. साध्या बल्बच्या गाडीत मागचे दोन ब्रेक लाइट २१ वॅटचे असतात. दोन्ही मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर, वरचा दिवा वेगळा. वर्धा रोडच्या गर्दीत ब्रेक किती वेळा लागतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि प्रत्येक वेळी हा प्रवाह स्विचमधल्या दोन छोट्या टेकूंवरून जोडला-तोडला जातो. दर वेळी बारीक ठिणगी पडते, हळूहळू काजळी धरते आणि एक दिवस दांडी हलते पण वीज पलीकडे जात नाही. मधल्या काळात पुन्हा पुन्हा दाबलं की काजळी जरा घासली जाते आणि संपर्क होतो. महिनाभर तुमच्याकडे हेच चाललं असणार.

खात्री करायला वायरिंगवाल्याचा टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लागतो. प्लग लावलेलाच ठेवून मागच्या बाजूनं मोजायचं. एका वायरीवर कायम १२ व्होल्टच्या आसपास हवेत, दुसरीवर ब्रेक सोडलेला असताना शून्य आणि दाबल्यावर तेवढेच १२. पहिलीवर आहेत आणि दुसरीवर दाबूनही येत नाहीत, तर स्विच गेलं. दुसरीवर नऊ-दहाच येत असतील तरी स्विच गेलंच समजा, कारण उरलेले दोन-तीन व्होल्ट काजळीत जिरत आहेत. दोनच वायरींचं स्विच असेल तर वायरिंगवाला प्लग काढून, मधे १० अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरीनं दोन टोकं जोडून दाखवू शकतो. दिवे लागले आणि दांडा सुटला की वाद मिटला. चार वायरींच्या स्विचमध्ये मात्र अंदाजानं जोडाजोडी करू देऊ नका, त्यातली दुसरी जोडी कॉम्प्युटरला निरोप देते.

नवं स्विच बसवताना एक चूक सर्रास होते. काही स्विच आट्यांचं असतं, मागच्या नटानं पुढे-मागे करता येतं, काही पाव वळसा फिरवून अडकवायचं असतं. पेडल सोडलेलं असताना दांडी पूर्ण आत जाऊन स्विचच्या तोंडात आणि पेडलमध्ये साधारण एक ते दोन मिलिमीटर फट राहायला हवी. जास्त मागे बसवलं तर दिवे कायम लागलेले राहतात. फार पुढे बसवलं तर पेडल पूर्ण वर येत नाही, ब्रेक किंचित धरून राहतात आणि चाकं तापतात.

आता समजा दिवे ब्रेक न दाबताच लागलेले आहेत, किंवा चौकीदारानं रात्री तसं बघितलंय. तर पायाखालच्या मॅटवर नीट शोधा. पेडलच्या दांडीला एक छिद्र असतं आणि त्यात रबर किंवा प्लास्टिकची छोटी गुंडी बसवलेली असते, स्विचची दांडी तिच्यावर टेकते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडी उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापते. अशी पाच-सात वर्षं काढली की गुंडी बिस्किटासारखी ठिसूळ होते. मॅटवर तिचे दोन-चार पिवळट तुकडे सापडतात आणि लोक ते कचरा म्हणून झटकून टाकतात. गुंडी गेली की स्विचची दांडी छिद्रातून आरपार बाहेर येते आणि दिवे चोवीस तास चालू राहतात. ४० अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी साडेतीन अँपिअरनं अकरा-बारा तासांत रिकामी होते, म्हणजे रात्री उभी केलेली गाडी सकाळी थंड. अशा वेळी गिअरचा दांडाही हलत नाही, कारण सोलेनॉइडला ओढायला वीजच उरलेली नसते. जंपर केबल लावली की सगळं सुरळीत होतं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तेव्हा बॅटरी बदलण्याआधी गुंडी बघा. तात्पुरतं छिद्रात बसेल असं नट-बोल्ट घट्ट आवळता येतं, बोल्टचं डोकं स्विचच्या बाजूला ठेवून. पण सैल पडून ते पेडलखाली गेलं तर जिवावर बेतेल, म्हणून दोन दिवसांत खरी गुंडी बसवून घ्या.

तिसरी शक्यता : दिवे नीट लागतात, विझतात, तरी दांडा अडकलेला. इथे कान कामाला लावा. इंजिन बंद, चावी ‘ऑन’, खिडक्या बंद, आणि ब्रेक दाबताना दांड्याच्या बुडाशी कान द्या. ‘टक’ आली नाही तर आधी बॅटरी मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. बॅटरी ठीक असेल तर सोलेनॉइड किंवा त्याचा प्लग. कप होल्डर शेजारीच असतो, त्यातून सांडलेला गोड चहा किंवा उसाचा रस आत झिरपतो आणि वाळून पिनेला चिकटवून टाकतो. कन्सोल उघडून साफ करता येतं. ‘टक’ येते पण दांडा हलत नाही, तर दांड्यावरचं बटण पूर्ण आत जातं का बघा, फटीत नाणं किंवा पेनचं टोपण पडलंय का बघा.

आणि मग तुमचा उतार. ‘पी’मध्ये गाडीला धरून ठेवते ती गिअरबॉक्सच्या आतली एक पोलादी खिटी, दातेरी चाकाच्या खाचेत अडकणारी. दांडा आधी ‘पी’मध्ये टाकून मग ब्रेक सोडला की हजारेक किलोची गाडी त्या बोटभर खिटीवर लोंबकळते. मग बटण दबतं, दांडा केसभर हलतो, पुढे जात नाही, आणि जोर लावून निघालाच तर ‘ठक्’ असा मोठा आवाज येतो. तुमच्याकडे तो आवाज येत असेल तर खिटीवर वजन आहे. त्यावर उपाय असा : चालक सीटवर, हँडब्रेक सोडलेला, दोन धट्टी माणसं गाडी चढाच्या दिशेनं ढकलतात. चाकामागचे दगड तिथेच ठेवा. गाडी बोटभर वर सरकली की चालकानं ब्रेक पक्का दाबून तिथेच धरायची, माणसांनी गाडीच्या मागून पूर्ण बाजूला व्हायचं, आणि त्यानंतरच दांडा काढायचा. उतार तीव्र असेल तर हे घरच्या घरी करू नका.

पुढे कधी हा त्रास नको असेल तर उभं करण्याचा क्रम बदला. ब्रेकवर पाय, दांडा ‘एन’मध्ये (न्यूट्रल), हँडब्रेक ओढा, मग पाय हळूच सोडा म्हणजे गाडी हँडब्रेकवर टेकेल. पुन्हा ब्रेक दाबा, ‘पी’, आणि मग चावी बंद.

गाडी आजच हलवायची असेल तर त्यासाठीही सोय आहे, आणि टोचनपेक्षा ती शंभर पटीनं बरी. गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं एक झाकण असतं, अनेक गाड्यांत त्यावर ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेलं असतं. हँडब्रेक आणि दगड लावलेले आहेत ना, बघा. चपट्या पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून झाकण उचका, ब्रेक दाबून ठेवा, पेचकस किंवा चावी त्या भोकात खाली दाबून धरा आणि बटण दाबून दांडा ‘एन’मध्ये घ्या. ‘एन’मध्येही इंजिन सुरू होतं. झाकण दिसत नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत जागा दिलेली असते. ज्या गाड्यांत दांड्याऐवजी फिरवायची चकती किंवा नुसती बटणं आहेत, तिथे मात्र पेचकस घालू नका, त्यांची सोडवण्याची पद्धत वेगळी असते.

एवढं करून गाडी सुटली तरी ब्रेक लाइट लागत नसताना ऑफिसला जाऊ नका. मागच्या माणसाला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही. सकाळी लवकर, रहदारी नसताना, जवळच्या गॅरेजपर्यंत न्या, शक्यतो मागे ओळखीच्या कोणाची तरी गाडी ठेवून. नाहीतर वायरिंगवाल्यालाच घरी बोलवा, हे काम तळघरातही होतं. टोचनला आमचा एवढा विरोध का? ‘पी’मध्ये पुढची चाकं जखडलेली असतात, ओढली की टायर घासतात आणि खिटी मोडू शकते, म्हणजे आज शाबूत असलेला गिअरबॉक्स खरोखर उघडावा लागेल. ‘एन’मध्ये लांबवर ओढणंही बरं नाही, कारण गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही. न्यायचीच वेळ आली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा.

गिअरबॉक्सपर्यंतच्या केबलचं एकच सांगतो. दांडा सहज फिरतोय, पण गाडी ‘पी’मध्येच राहतेय, तर केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश निसटलाय. तुमच्याकडे दांडाच हलत नाही, म्हणून हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

शेजाऱ्यांची गाडी एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी, असेल तर त्यांचा अनुभव इथे जुळणार नाही. एएमटीत ‘पी’ नसतोच, ती गिअरमध्ये टाकून हँडब्रेकवर उभी करतात. पण तिथेही ब्रेकचा निरोप आला नाही तर ‘एन’मधून गिअर पडत नाही, आणि दोषी पुष्कळदा हेच स्विच असतं. बटणानं सुरू होणाऱ्या गाडीत तर स्विच गेलं की इंजिनच सुरू होत नाही. डॅशबोर्डचे दिवे लागतात आणि पुढे काही नाही. अशा अनेक गाड्यांत बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की इंजिन सुरू होतं, पुस्तिकेत ते दिलेलं असतं.

गॅरेजमध्ये गेल्यावर एवढंच म्हणा : ‘आधी ब्रेक स्विचवर व्होल्ट किती येतात ते माझ्यासमोर मोजा, मग बाकीचं बोलू.’ जुनं स्विच मागून घ्या. आणि पैसे देण्याआधी स्वतः सीटवर बसून बघा. चावी ‘ऑन’, ब्रेकवर पाय नाही : दांडा ‘पी’वरून हलता कामा नये. ब्रेक दाबला : ‘टक’ यायला हवी, तीनही दिवे लागायला हवेत आणि दांडा एका बोटाच्या जोरानं निघायला हवा. पाय काढला : तीनही दिवे लगेच विझायला हवेत. हे लागोपाठ दहा वेळा करा. दहापैकी एकदाही अडकला तर गाडी तिथेच ठेवा.